मशेरी, तोंडाचा कर्करोग आणि पी-५३ची गोष्ट

भोर-वेल्ह्याकडे मशेरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू चुरायची आणि दातांना लावायची. "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर मशेरी लावणारी बाई "नाही" म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. मशेरीला ती तंबाखूत धरतच नाही.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली होती. ती पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडातले पांढरे चट्टे आणि कर्करोग यांचा तंबाखूशी संबंध त्यात दिसला. पण तंबाखू पेशीच्या आत नेमकं काय बिघडवते?

१९७९ मध्ये पी-५३ हे प्रथिन सापडलं आणि पुढची दहा वर्षं त्यालाच गुन्हेगार समजलं गेलं! कारण प्रयोगांसाठी हाती आलेलं त्याचं जनुक कर्करोगाच्या पेशींतलं, आधीच बिघडलेलं होतं. १९८९ मध्ये अमेरिकेत बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने आतड्याच्या कर्करोगात हे जनुक निकामी झालेलं दाखवलं. म्हणजे हा तर राखणदार निघाला. १९९१ मध्ये इस्रायलच्या मोशे ओरेन यांच्या गटाने उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशींत चांगलं पी-५३ घातलं, तर त्या पेशी आपणहून मेल्या.

पी-५३चं जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतं. डीएनएला इजा झाली की हे प्रथिन पेशीचं विभाजन थांबवतं. इजा दुरुस्त होण्यापलीकडची असेल, तर पेशीला मरायला लावतं. यालाच अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात. तंबाखू भाजताना बेन्झोपायरीनसारखी रसायनं तयार होतात आणि ती डीएनएला चिकटतात. हे राखणदाराचं जनुकच बिघडलं, की मरायला हवी ती पेशी वाढतच राहते. तोंडाच्या कर्करोगात सर्वाधिक वेळा बिघडलेलं आढळणारं जनुक हेच.

"मग हे आईकडून मुलीला येतं का?" क्वचित येतं. त्या दुर्मीळ आजाराला ली-फ्राउमेनी सिंड्रोम म्हणतात. त्याचं मूळ पी-५३मध्ये आहे हे १९९० मध्ये कळलं. पण एकाच घरात सासूला आणि सुनेला तोंडाचा कर्करोग झाला, तर तिथे आनुवंशिकता शोधू नका, मशेरीची डबी पाहा. आणि दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर दुखत नसला तरी दाखवा. सुरुवातीला तो बहुधा दुखत नाही.