मनाच्या आजारावरच्या गोळ्या: स्वर उतरतो, तोंड कडू होतं, डोक्यात झटके येतात

रजब अली खाँ आणि कुमार गंधर्वांच्या देवासमध्ये पेटीवर काळी एक दाबली आणि कानाला पांढरी एक ऐकू आली, तर दोष पेटीचाच असेल असं नाही. कार्बामाझेपिन ही फिट्सवरची गोळी बायपोलर आजारातही देतात. ती सुरू असताना काहींना सगळे स्वर साधारण अर्ध्या स्वराने उतरलेले ऐकू येतात. अशा बऱ्याच नोंदी जपानमधल्या आहेत, त्याही पक्का स्वरकान असलेल्यांच्या. गोळी थांबल्यावर ऐकणं पूर्ववत होतं. दुर्मीळ आहे, पण भास नाही.

बाकीचे त्रास जास्त ओळखीचे. झोपेसाठीच्या झोपिक्लोन, एस्झोपिक्लोनने सकाळी तोंड कडू पडतं, लिथियमने जिभेवर धातूची चव येते. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, सोड्याची बाटली फोडली तरी ती बेचव लागते. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन एकदम सोडलं की डोक्यात करंटसारखे झटके बसतात. नजर फिरवली की जास्तच.

आता आपल्या भागातली खरी अडचण. घरी बोलायचं मराठीत, धार, देवास किंवा इंदूरच्या डॉक्टरांना सांगायचं हिंदीत. ‘हाताला मुंग्या येतात’चं कुणी ‘चींटियाँ आती हैं’ केलं, तर मानसोपचारतज्ज्ञ भास होतात असं समजू शकतो, आणि मग त्याच्यावरच औषध वाढायचं! ‘झुनझुनी’ म्हणा. झटक्यांना ‘करंट जैसा झटका’ म्हणा, नुसतं ‘झटके आते हैं’ म्हटलं तर फिट्स समजतील. गोळीचं नाव, डोस आणि त्रास कधीपासून, हे कागदावर लिहून न्या.

घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणतात, पेशंट वैतागून गोळ्या बंद करतो आणि आजार उलटतो. चव किंवा स्वर बिघडला तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, पण ते डॉक्टरांनीच, बहुतेक वेळा हळूहळू.

लिथियमचं मात्र वेगळं. माळव्याच्या उन्हाळ्यात घाम, जुलाब किंवा उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर पुढची गोळी देऊ नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी विचारायला टेली मानस आहे: १४४१६, फोन मोफत, चोवीस तास.