सहलींचें दिवाळें

आपल्याकडील जुन्या सराफकट्ट्यावरचा एक प्रघात सांगतात. पेढी बुडाली म्हणजे सावकारानें भर दिवसा दुकानांत दिवा लावून ठेवावयाचा. येणाऱ्याजाणाऱ्यानें त्यावरून ओळखावें कीं, येथें आतां देवघेव राहिली नाहीं. 'दिवाळें' या शब्दाचें मूळ कित्येक जण याच प्रघातांत शोधतात. ही व्युत्पत्ति खरी असो वा नसो, तिच्यांतील विवेक मोठा आहे. बुडणाऱ्यानें निदान नव्या मनुष्यास आपल्याबरोबर ओढूं नये, हा तो विवेक होय. गेल्या अर्धशतकांत ज्या सहल-कंपन्या व विमान-कंपन्या बुडाल्या त्यांचा इतिहास चाळतांना हा दिवसाचा दिवा वारंवार आठवतो. कारण तो कोठेंच लागलेला दिसत नाहीं. आदल्या दिवसापर्यंत तिकिटांची विक्री बिनदिक्कत चालूच असते.

याचें कारण या धंद्याच्या घडणींतच आहे. वाणी माल देतो आणि पैसा घेतो. पुष्कळदां तर माल आधीं देतो आणि पैसा महिन्यानें घेतो. सहलीच्या धंद्यांत नेमकें उलट घडतें. गिऱ्हाइकानें जानेवारींत पैसे मोजावयाचे आणि समुद्रकिनारा ऑगस्टांत पाहावयाचा. मधल्या सात महिन्यांत तो पैसा कंपनीच्या हातीं असतो, आणि त्यांतून विमानांचें भाडें, नोकरांचे पगार व मागील हंगामाचीं देणीं भागविलीं जातात. अर्थात् जी कंपनी भाव पाडून अधिक गिऱ्हाइकें ओढते तिची तिजोरी, धंदा तोट्यांत असतांही, भरलेलीच दिसते. हा भरलेपणा परक्याच्या पैशाचा आहे, ही गोष्ट गिऱ्हाइकास दिसत नाहीं, आणि कित्येकदां चालकासही विसरतां येते.

या व्यवसायाचा आद्य पुरुष थॉमस कुक. त्यानें ५ जुलै १८४१ रोजीं लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारें ५०० मद्यपाननिषेधवादी मंडळींस एक शिलिंग दरानें आगगाडीनें नेलें, तेथून या धंद्याचा आरंभ धरण्याची वहिवाट आहे. परंतु याच कुकचें १८४६ सालीं दिवाळें निघालें होतें, हें सहसा कोणी सांगत नाहीं. तो सावरला, आणि त्याच्या पेढीचा व्याप पुढें इतका वाढला कीं, १८८१ सालीं तिनें मुंबईस कचेरी उघडली व १८८६ पासून कांहीं वर्षें हिंदुस्थान सरकारनें हाजच्या यात्रेकरूंची व्यवस्थाही तिच्याकडे सोंपविली. एकदां बुडालेला मनुष्य साऱ्या जगाच्या विश्वासाचें स्थान झाला, हें त्याच्या कर्तृत्वाचें भूषण खरेंच. पण विश्वास हा प्रवाशाला तारण म्हणून पुरेसा असतो काय, हा प्रश्न तेथेंच अनुत्तरित राहिला.

त्याचें कटु उत्तर १९७४ सालीं मिळालें. कोर्ट लाइन ही मूळची जहाजांची कंपनी. पुढें तिनें ल्यूटनहून विमानें चालविलीं, आणि नानारंगी विमानांतून सामान्य इंग्रज कुटुंबांस स्पेनच्या उन्हांत नेऊन सोडण्याचा तिचा धंदा फोंफावला. तिनें १९७३ सालीं क्लार्कसन्स ही तोट्यांतील मोठी सहल-कंपनी नाममात्र मोलानें घेतली. त्याच वर्षअखेर अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव भडकले; इंग्लंडांत कारखाने आठवड्यांतून तीनच दिवस चालूं लागले; लोकांनीं सहलींवरून हात आखडला. जून १९७४ मध्यें उद्योगमंत्री टोनी बेन यांनीं कोर्ट लाइनचा जहाजबांधणीचा भाग सरकार घेत असल्याचें पार्लमेंटांत सांगितलें, आणि या उन्हाळ्याच्या सहली सुरक्षित राहतील असा लोकांचा समज होईल असे उद्गार काढले. लोकांनीं त्यावर विसंबून पैसे भरले. १५ ऑगस्ट रोजीं, ऐन हंगामांत, कंपनी कोसळली. ४० हजारांवर प्रवासी परदेशांत अडकले, आणि त्याहून कितीतरी अधिकांचे पैसे घरबसल्या बुडाले. सहल-कंपन्यांनीं ठेवलेल्या जामीनकीच्या रकमा अडकलेल्यांस परत आणण्यांतच खर्ची पडल्या. जे निघालेच नव्हते त्यांच्यासाठीं फारसें कांहीं उरलें नाहीं. पुढें प्रशासनाविषयींच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या संसदीय अधिकाऱ्यानें सरकारवर ठपका ठेवला. सरकारनें तो मान्य केला नाहीं.

या प्रसंगांतून १९७५ चा कायदा व विमान-प्रवासाचा राखीव निधि निर्माण झाला. सरकारनें प्रथम कर्ज दिलें, आणि सहलींवर लहानशी पट्टी बसवून तें फेडून घेतलें. म्हणजे बुडालेल्यांची भरपाई पुढील वर्षांच्या प्रवाशांनीं केली! ही तजवीज काव्यगत न्यायाची नव्हे. पण एकाचा सर्वनाश हजारांनीं वांटून घ्यावा, हें विम्याचें तत्त्व तींत आहे.

या तत्त्वाची खरी कसोटी २३ सप्टेंबर २०१९ रोजीं लागली. त्या दिवशीं खुद्द कुकची पेढी, १७८ वर्षांची होऊन, कर्जाच्या डोंगराखालीं बुडाली. (हिंदुस्थानांतील त्या नांवाची कंपनी २०१२ पासूनच निराळ्या मालकीची असल्यामुळें वांचली.) जगभर सुमारें ६ लाख प्रवासी त्या वेळीं तिच्या भरंवशावर घराबाहेर होते. दिवाळ्याच्या आदल्या शनिवार-रविवारीं ट्युनिशियांतील हम्मामेत येथें एका हॉटेलानें, कंपनीकडील आपलें येणें वसूल व्हावें म्हणून, दरवाजे बंद करून पाहुण्यांकडेच पुन्हा पैसे मागितले, असें त्या प्रवाशांनीं सांगितलें. एकदां पैसे दिलेला पाहुणा दुसऱ्याच्या ऋणाचा ओलीस झाला! ब्रिटनमध्यें दर सहलप्रवाशामागें अडीच पौंड घेऊन निधि राखलेला होता. सरकारी यंत्रणेनें भाड्याचीं विमानें जमवून दोन आठवड्यांत १ लाख ४० हजारांवर लोकांस घरीं आणलें. जर्मनींत मात्र विम्याची मर्यादा ११ कोटी युरोंची होती. ती अपुरी पडली, आणि तूट भरून देण्याचें शेवटीं सरकारला पत्करावें लागलें.

आपल्याकडे काय घडलें? १७ एप्रिल २०१९ रोजीं जेट एअरवेजचें शेवटचें विमान अमृतसरहून मुंबईस निघालें. मे २०२३ मध्यें गो फर्स्ट कंपनीनें आपण होऊन दिवाळखोरीचा अर्ज केला. दोन्ही प्रसंगीं तिकिटाचा पैसा सुरक्षित ठेवणारा असा कोणताही निधि प्रवाशाच्या पाठीशीं नव्हता. तो केवळ एक धनको ठरला, आणि धनकोंच्या पंक्तींत तारणवाल्या बँकांच्या पुष्कळ खालीं त्याचें पान मांडलेलें असतें. सर्वोच्च न्यायालयानें जेटच्या मालमत्तेची विल्हेवाट लावण्याचा हुकूम दिला तो नोव्हेंबर २०२४ मध्यें; तोंपर्यंत साडेपांच वर्षें लोटलीं होतीं.

सहल ही चैन आहे, ती बुडाली तर एवढें काय बिघडलें, असें म्हणणारे विचारी गृहस्थ मला भेटले आहेत. परंतु ल्यूटनहून जाणारा कारखान्यांतील मजूर काय किंवा सणासाठीं घरीं जाण्यास तिकीट काढणारा आपला नोकरदार काय, वर्षाची शिल्लकच तो आगाऊ मोजीत असतो. धनिकाचें तिकीट बुडालें तर तो दुसरें काढतो. याचा वर्षभराचा बेत बुडतो. शिवाय परमुलखांत अडकलेल्याची चैन हरपत नाहीं, घरचा रस्ता हरपतो.

व्यापारांत बुडणें हें पाप नव्हे. कुकही एकदां बुडाला होता. पण प्रवास घडेपर्यंत प्रवाशाचा पैसा हा प्रवाशाचाच, कंपनी त्याची केवळ राखणदार, एवढें कायद्यानें मानलें पाहिजे. बुडणारा सावकार स्वतः दिवा लावील ही आशा आतां व्यर्थ आहे. तो लावण्याचें काम सरकारचें आहे, आणि तेंही शेवटचें तिकीट विकलें जाण्यापूर्वीं.