ऐधाब : तीन मुसाफिरांनी पाहिलेले एक गाव

मुंबईहून जेद्द्याला जाणारी हजची जहाजे १९९५ पर्यंत चालू होती. त्या प्रवासाच्या हालांच्या गोष्टी ऐकतच आपल्यापैकी अनेकजण मोठे झाले. जेद्द्यासमोर, तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावर, ऐधाब नावाचे एक लहानसे बंदर होते. पुढे खारे पाणी, मागे वाळवंट. क्रुसेडच्या काळात सिनाईची वाट बंद झाल्यावर मिसर आणि मगरिबचे हाजी नाईलकाठच्या कूसहून उंटांवर येथे येत आणि होडीने पलीकडे जात.

या गावाला सर्वांत जास्त बदनाम केले ते ग्रॅनाडाच्या इब्न जुबैरने. तो ११८३ च्या ऐन उन्हाळ्यात तेथे सुमारे तीन आठवडे राहिला. पाणीसुद्धा बाहेरून आणावे लागणारे हे गाव त्याला नरकासारखे वाटले. होड्या खिळ्यांशिवाय, नारळाच्या काथ्याने शिवलेल्या. त्यांचे लाकूड हिंदुस्थान आणि येमेनमधून येई. मालक त्यांत हाजींना खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे कोंबत. एका खेपेत होडीची किंमत वसूल झाली की पुढे ती बुडाली तरी त्यांना फिकीर नसे. वाऱ्याने भरकटलेले हाजी किनाऱ्यावर तहानेने मरत आणि त्यांचे सामान वाटाड्यांच्या हाती जाई. त्याचा राग खोटा नव्हता. पण त्या रागात त्याने तेथल्या बेजा जमातीला सरसकट जनावरांच्याही खालचे ठरवले.

गंमत अशी की, कूस-ऐधाब वाटेवर मिरीची ओझी बेवारस पडलेली त्यानेच पाहिली होती. उंट थकला की व्यापारी ओझे तेथेच टाकून जात. मालक परत येईपर्यंत त्याला कोणी हात लावत नसे. हा मुलूख बेजांचाच होता! स्वतःच्या या दोन नोंदी त्याने शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

त्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षे आधी, १०५० मध्ये, फारसी कवी नासिर खुसरो येथे आला होता. वारा अनुकूल नव्हता म्हणून तो तीन महिने अडकला. पाण्याची एक मशक त्याने दिरहमला, कधी दोन दिरहमला विकत घेतली. पैसे संपले, तेव्हा अस्वानच्या एका मित्राची चिठ्ठी दाखवून पीठ उसने घेतले. वस्ती सुमारे पाचशे माणसांची, पण जामा मशीद होती. खतीब नव्हता, लोकांनी त्यालाच गळ घातली आणि वारा फिरेपर्यंत तो तेथे खुतबा देत राहिला.

बेजांबद्दल त्याने लिहिले की ही माणसे वाईट नाहीत, चोरी किंवा लूटमार करत नाहीत. उलट मुसलमान आणि इतर लोकच त्यांची पोरे पळवून मुसलमानांच्या शहरांत विकतात. ज्या मशिदीत तो खुतबा देई तिथल्या नमाज्यांत असे खरेदीदार होते का, हे त्याने लिहिलेले नाही. मला मात्र ही नोंद वाचताना प्रत्येक वेळी तोच प्रश्न पडतो.

इब्न बतूता १३२६ मध्ये पोहोचला तेव्हा बेजांच्या सुलतानाची मिसरच्या मामलूक फौजेशी लढाई चालली होती. जहाजे बुडवली गेली होती. गावच्या जकातीचा दोन तृतीयांश वाटा बेजा सुलतानाचा होता, ही माहिती देऊन, शिधा विकून तो आल्या वाटेने परतला.

पुढे बंदर ओस पडले. ती जागा आज मिसर आणि सुदान या दोघांच्या दाव्यातल्या हलाइब प्रदेशात येते. तेथे पाण्याची टाकी उरली आहेत, आणि कबरी.