हाऊजीचे आकडे

शब्बाथ सुटला, चार घरे जमली, चहा झाला, की आमच्याकडे हाऊजीची पिशवी निघते. मुंबईला निघत असे, तशीच इथे वेलिंग्टनलाही निघते. न्यूझीलंडला नवीन आलो तेव्हा एका सभागृहाच्या दारावर 'हाऊजी' अशी पाटी पाहून आम्हांला नवल वाटले होते. इंग्लंडात आता या खेळाला बिंगो म्हणतात. मग हा ओळखीचा शब्द इथे कोणी आणला?

आणला पलटणीने. खेळ मूळचा इटलीचा. नेपल्सकडे नाताळात घरोघर नव्वद आकड्यांचा तोंबोला खेळतात. ब्रिटिश आरमारात ते नाव राहिले, लष्करात मात्र 'हाऊस' किंवा 'हाऊसी-हाऊसी' झाले. पैसे लावून खेळायला शिपायांना एवढ्या एकाच खेळाची मुभा होती, त्यामुळे फौज जाई तिथे हाऊजी जाई. हिंदुस्थानात तंबोला आणि हाऊजी दोन्ही रुजले. इथे हाऊजी राहिली. २००३ च्या जुगारविषयक कायद्यातही हाच शब्द आहे. पलटण आपल्या समाजाला काही परकी नव्हे. मुंबई इलाख्याच्या फौजेत आपले कितीतरी सुभेदार-जमादार होऊन गेले.

आकड्यांची टोपणनावेही बरीचशी लष्करातली. नऊ निघाला की पुकारणारा म्हणतो, 'डॉक्टर्स ऑर्डर'. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर शिपायाच्या हातावर जी गोळी हमखास ठेवीत, तिचा नंबर नऊ, आणि ती होती जुलाबाची! जन्मभर वॉर्डात गोळ्या वाटलेल्या आम्हांला हे कळले तेव्हा हसू आवरेना.

आमच्या घरी मात्र पुकारा मराठीतच. शाळेत आम्ही रोज उजळणी म्हटली, म्हणून एकोणसत्तर ऐकताच बोट आपोआप ६९ वर जाते. इथे वाढलेली मुले 'सत्तर' तेवढे ऐकतात आणि ७० शोधत बसतात. शिवाय मराठीत एकक आधी बोलायचा आणि दशक आधी लिहायचा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला! आम्हीही इथे बसून रागावलो होतो. पुढे नातवाची तारांबळ पाहिली आणि पुस्तक करणाऱ्यांची अडचण थोडी समजली. तरी आम्ही पुकारा बदलला नाही. या मुलांच्या कानावर मराठी पडते ते जेवणाच्या टेबलावर आणि या खेळात. त्यातून आकडेही गेले तर उरणार काय?

गेल्या हनुक्काला नातवाने पिशवी स्वतःहून मागून घेतली. ७९ निघाला. तो बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिला, ओठ हलले, आणि शेवटी म्हणाला, "ऐंशीला एक कमी."

सगळ्यांनी मुकाट्याने आकडा खोडला.