जुन्या पेटीचें मोल



गेल्या उन्हाळ्यांत गोंदिया जिल्ह्यांतील एका स्नेह्यांचें पत्र आलें. घर शाकारतांना माळ्यावर त्यांच्या आजोबांची बाजाची पेटी सांपडली होती. आजोबा गांवच्या हौशी नाटकमंडळींत पेटी वाजवीत असत. ती घेण्यास एक व्यापारी तयार होता. मात्र त्याला लांकूडही नको होतें आणि भाताही नको होता. आंतले सूर तेवढे काढून तो नेणार होता. पेटींत इतके फेरफार झाले आहेत कीं, जुनी वस्तु म्हणून तिला किंमत उरलेली नाहीं, असें त्याचें म्हणणें. हें खरें मानावें काय, असा स्नेह्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न एका घरापुरता नाहीं. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी सरली कीं तेथें गांवोगांव मंडई भरते, पुढें शंकरपटांचे दिवस येतात, आणि त्यांच्या जोडीनें रात्रभर चालणारीं नाटकें होतात. नाटकाला गाणें हवें आणि गाण्याला पेटी हवी, ही तेथील जुनी रीत. गोंदिया हा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. पण कलकत्ता-नागपूर-मुंबई लोहमार्गावरील जंक्शन म्हणून त्याचें महत्त्व फार पूर्वींपासूनचें. कलकत्त्याची पेटी काय किंवा मुंबईची काय, दोन्ही त्या बाजूला पोंचणें सोपें होतें. आतां पुष्कळ रंगमंचांवर विजेचीं कळवाद्यें आलीं आहेत आणि जुन्या पेट्या माळ्यावर गेल्या आहेत. तेथून त्यांनीं कोठें जावें, हें ठरविण्याची वेळ आली आहे.

फेरफार झाला म्हणून मोल गेलें, असा निवाडा देण्यापूर्वीं पेटीची वंशावळ पाहिली पाहिजे. १८४० च्या सुमारास पॅरिस येथें अलेक्झांडर दबँ या कारागिरानें हार्मोनियम सिद्ध केली. ती पायांनीं भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजविण्याची. आपली बैठक जमिनीवरची. तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनीं भाता पाठीमागें नेला, एक हात वाऱ्याला आणि एक हात सुरांना दिला, आणि पेटी मांडीजवळ आली. पुढें एका पट्टीबरोबर तिच्या सप्तकांतील जोडीदार सूर बोलविणारा कपलर आला, आणि सबंध पट्ट्या सरकवून षड्ज बदलणारा स्केल-चेंजरही आला. म्हणजे आपली पेटी ही मुळांतच एक फेरफार केलेली वस्तु आहे.

महाराष्ट्रांत तिला प्रतिष्ठा दिली ती संगीत रंगभूमीनें. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें. त्यानंतरच्या काळांत पायपेटी आणि ऑर्गन हीं नाटकमंडळींचीं भूषणें झालीं. १९११ च्या 'मानापमान' नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे यांनीं तर पेटीला साथीच्या जागेवरून उठवून मैफलींत बसविलें.

पण तिच्यावर एक जुना आक्षेप होताच. षड्ज २४० आंदोलनांचा धरला, तर तंबोऱ्यांतून ऐकूं येणारा शुद्ध गांधार ३०० आंदोलनांचा असतो. पेटीचा गांधार मात्र ३०२ हून थोडा अधिक, म्हणजे चढा. कारण तिचे बारा सूर विलायती पद्धतीनें समान अंतरांवर बसविलेले असतात. हा दोष काढण्यासाठीं सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी नोकरींतील क्लेमंट्स साहेब यांनीं खटपट केली. देवलांचें श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१० सालीं निघालें, लंडनहून श्रुतींची पेटी बनवून आणण्यांत आली, आणि १९१६ च्या बडोदें येथील संगीत परिषदेंत ती तज्ज्ञांपुढें मांडली गेली. ती सर्वमान्य झाली नाहीं. पुढें नभोवाणीनेंच १ मार्च १९४० पासून आपल्या कार्यक्रमांतून पेटीला मज्जाव केला. तो १९७१ च्या सुमारास सैल झाला. ज्या पेटीला या दारांतून तीस वर्षें परत पाठविलें, तिची कैफियत आज येथूनच मांडण्यांत थोडें ऋण फेडल्यासारखें मला वाटतें.

आतां त्या माळ्यावरच्या पेटीकडे वळूं. मी ती प्रत्यक्ष जाऊन पाहिली. परीक्षेचा क्रम सांगतों. तो कोणालाही आपल्या घरीं करतां येईल. प्रथम भाता. वारा भरून, एकही पट्टी न दाबतां, तो किती वेळ टिकतो तें पाहावें. लगेच उतरला, तर घड्यांचें चामडें फाटलें आहे किंवा फळीला भेग आहे. पट्टी न दाबतां एखादा सूर गुणगुणूं लागला, तर पट्टीखालील चामडें झिजलें आहे किंवा तिची स्प्रिंग ढिली झाली आहे. हे दोष दिसायला मोठे, पण खर्चाला लहान. पावसाळी ओल आणि उन्हाळ्याची कोरड सोसणाऱ्या मुलखांत ते असणारच. किंमत करतांना दुरुस्तीचा खर्च वजा करावा, म्हणजे झालें.

मग सुरांची पाटी बाहेर काढावी. खरें मोल तेथें असतें. पॅरिसचे आणि जर्मनीचे जुने सूर वादकांना प्रिय आहेत. सर्व सूर एकाच घराण्याचे आहेत कीं मधूनमधून परके बसविले आहेत, हें त्यांच्या ठशांवरून व पितळेच्या रंगावरून कळतें. चिरलेली जीभ दुरुस्त होत नाहीं. ती बदलावीच लागते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे कानशीचे ओरखडे. जिभेचें टोंक घासलें कीं सूर चढतो, बुडाशीं घासलें कीं उतरतो. दोन्हींत पितळ कमी होतें, आणि गेलेलें पितळ परत येत नाहीं.

फेरफारांची खरी प्रतवारी येथें लागते. जो फेरफार भर घालून केला, तो काढून टाकतां येतो; जो वजा करून केला, तो कायमचा. या पेटीला दोन्ही बाजूंस लोखंडी कड्या ठोकलेल्या होत्या, बहुधा बैलगाडींतून नेण्यासाठीं. कपलर मागाहून बसविलेला. वार्निश नवें. हें सर्व भर घालण्यांतलें. पट्ट्या बेचाळीस, सुरांच्या ओळी दोन, म्हणजे चौऱ्यायशीं सूर. ते पॅरिसचे, चारपांच सोडून मूळचेच. परंतु पांढरी एक, पांढरी चार आणि पांढरी पांच यांचे सूर, प्रत्येक सप्तकांत, बुडाशीं घासलेले होते. बाकीच्यांना हात लागलेला नव्हता.

प्रथम मला हा कोणा अडाण्याचा उद्योग वाटला. मग हिशेब केला. षड्ज काळी चार धरला, तर गांधार येतो पांढरी एकवर, धैवत पांढरी चारवर आणि निषाद पांढरी पांचवर. समान अंतरांच्या पेटींत हेच तीन शुद्ध सूर विशेष चढे लागतात. काळी चारचा तंबोरा लावून ते वाजविले, तेव्हां ते त्यांत मिसळून गेले. कोणी तरी एका चढ्या गळ्याच्या नटासाठीं, त्याच्या पट्टीला अनुसरून, ही पेटी लावली होती. देवल आणि क्लेमंट्स ज्या गांधारासाठीं ग्रंथ लिहीत होते, तो एका खेड्यांतल्या कारागिरानें कानानें ओळखून कानशीनें उतरविला होता.

बाजाराच्या दृष्टीनें व्यापारी सर्वस्वी चुकत नव्हता. काळी चार सोडून दुसऱ्या षड्जाला ही पेटी बेसूर लागेल. ती पुन्हां समान करावयाची तर जिभांचीं टोंकें घासावीं लागतील. परदेशांतही हीच रीत आहे. १९५० नंतरच्या दशकांतील विजेच्या गिटारी आज फार महाग झाल्या आहेत. त्यांतली एखादी नुसती पुन्हां रंगविली किंवा तिचे नाद टिपणारे पिकअप बदलले, तरी संग्राहक भाव पुष्कळ उतरवितात. तरी सोनेरी रंगाच्या कांहीं जुन्या गिब्सन गिटारी मुद्दाम १९५८ ते १९६० च्या नमुन्याप्रमाणें बदलून घेणारे वादक आहेतच. संग्राहक अस्पर्श वस्तु शोधतो, वादक बोलणारी वस्तु शोधतो, आणि दोघांचे भाव निराळे.

पण तिसरेंही एक मोल आहे, आणि तें कोणत्याच भावांत धरलें जात नाहीं. ते सूर सुटे करून नव्या पेट्यांत बसविले, तर ते तेथें पुन्हां घासले जातील, आणि त्या नटाची पट्टी, त्याचा गांधार, हा सारा पुरावा पितळेच्या भुग्याबरोबर झाडून जाईल. त्या नाटकांचें ध्वनिमुद्रण नाहीं. त्या गाण्याची जी काय नोंद उरली आहे, ती त्या तीन पट्ट्यांखालीं आहे.

मी स्नेह्यांना उत्तर दिलें तें असें: विकावयाची असेल तर सबंध विका, वाजविणाऱ्याला विका, आणि काय बदललें आहे तें प्रामाणिकपणें लिहून द्या. ठेवणार असाल तर भाता आणि चामडें दुरुस्त करा. सुरांना कानस लावूं देऊं नका. त्यांनीं पेटी ठेवली आहे. भाता दुरुस्त झाला आहे. आपल्याही माळ्यावर अशी एखादी असेल, तर सूर काढावयास येणाऱ्याला होकार देण्यापूर्वीं एकदां तंबोरा जुळवून ती वाजवून पाहा.