तबकडीवर भरवसा किती?

गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. ‘काका, नवा संगणक घेतोय. डिस्क वेगवान घेऊ की भरवशाची?’ मी म्हटलं, ‘आधी तिची गोष्ट ऐक, मग ठरव.’ तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

सन १९५६. अमेरिकेत सॅन होजे इथं आयबीएम कंपनीत रेनॉल्ड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रॅमॅक’ची डिस्क तयार केली. तोवर माहिती साठवायची ती छिद्रं पाडलेल्या कार्डांवर, नाहीतर चुंबकीय फितीवर. फितीच्या मधलं एखादं नाव हवं असेल, तर कॅसेटमधलं चौथं गाणं शोधावं तशी सगळी फीत सरकवावी लागे. जॉन्सन यांच्या चमूनं दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचल्या, मिनिटाला १,२०० फेऱ्यांनी फिरवल्या आणि हवी ती नोंद थेट गाठण्याची सोय केली. यंत्र मोठ्या कपाटाएवढं, वजन सुमारे एक टन. त्यात मावत ५० लाख अक्षरं, म्हणजे आज मोबाईलवर काढलेला जेमतेम एक फोटो! नोंद सापडायला सरासरी ०.६ सेकंद लागे, आणि त्या काळी तोही चमत्कारच होता.

पुढं १९७३ साली आयबीएमनंच ‘विंचेस्टर’ नावानं ओळखली जाणारी डिस्क आणली. तीत तबकड्या आणि त्या वाचणारी डोकी एकाच बंद पेटीत होती, त्यामुळे धूळ बाहेरच राहिली. १९८० साली सीगेट कंपनीनं छोट्या संगणकात बसेल अशी ५ मेगाबाइटची डिस्क काढली. एक टनाचा ऐवज विटेएवढ्या डबीत आला. १९८८ साली अल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे चुंबकत्वाचा एक नवा गुण शोधला. त्यामुळे अतिशय बारीक चुंबकीय खुणाही वाचता येऊ लागल्या आणि डिस्कची क्षमता झपाट्यानं वाढली. २००७ साली दोघांना नोबेल मिळालं.

आता गंमत पाहा. क्षमता ५ मेगाबाइटपासून लाखो पटींनी वाढली, वेग मात्र जेमतेम पन्नास पटींनी! नेहमीची डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते. तिचं डोकं जागेवर जायचं, मग तबकडी फिरून तो भाग डोक्याखाली यायचा. यात सेकंदाचा शंभरावा भाग तरी जातोच. फिरणाऱ्या वस्तूला घाई किती करणार? हे कोडं सुटलं ते तबकडीच काढून टाकल्यावर. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश स्मृती शोधली. आजची एसएसडी तिच्यावरच चालते. तीत हलणारं काहीच नाही, त्यामुळे शोधाशोध शंभरपट लवकर होते.

वेगाचं उत्तर मिळालं. भरवशाचं काय?

इथं माझीच चूक सांगतो. आमच्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी टेपवरून संगणकावर घेतल्या. टेप खराब झाल्या होत्या, त्या टाकून दिल्या. डिस्क चांगल्या कंपनीची, भारी किमतीची. तिसऱ्या वर्षी एका सकाळी तिच्यातून कट्‌कट् आवाज आला आणि सगळं संपलं. ओव्यांचे शब्द चुलतबहिणीच्या वहीत होते, ते राहिले. आत्याचा आवाज गेला.

त्यानंतर, २००७ साली, अमेरिकेत दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. प्रत्येकात सुमारे एक लाख डिस्कची नोंद होती. कंपन्या कागदावर दहा लाख तासांची हमी लिहीत, म्हणजे ११४ वर्षं! कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की, प्रत्यक्षात वर्षाला शंभरातल्या दोन ते चार डिस्क बदलाव्या लागत होत्या, आणि महागड्या डिस्क स्वस्तांपेक्षा टिकाऊ असल्याचं काही आढळलं नाही. गूगलच्या अभ्यासात दिसलं की, बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी आधी कोणतीही ठळक धोक्याची सूचना दिली नव्हती. एसएसडीही अमर नाही. तिच्यावर लिहिण्याला मर्यादा असते, आणि वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर तिच्यातली माहिती पुसट होऊ शकते.

मग काय घ्यायचं? पुतण्याला सांगितलं, ‘संगणक ज्यावर चालतो ती प्रणाली आणि रोजचं काम एसएसडीवर ठेव. फोटो, गाणी, चित्रफिती यांसाठी मोठी तबकडीवाली डिस्क घे, ती स्वस्त पडते. आणि तिसरी, वेगळी डिस्क घे. तिच्यावर महिन्यातून एकदा सगळ्याची नक्कल कर आणि ती आईकडे, दुसऱ्या घरी ठेव. तिथून एखादी फाइल उघडून पाहायलाही विसरू नकोस.’

‘म्हणजे पैसे वेगाला द्यायचे?’ त्यानं विचारलं.

‘हो. वेग दुकानात मिळतो. भरवसा मात्र आपल्यालाच तयार करावा लागतो, दुसरी प्रत काढून.’

तुमच्याही घरात कुणाचा तरी आवाज एकाच डिस्कवर असेल. आज रविवार आहे, वेळही आहे. एवढं काम आजच उरकून घ्या.