खेडुतांची मोटार

बैलगाडीचे चाक मोडले तर आपण सुताराकडे जातो, धाव सैल झाली तर लोहाराकडे. गाडी कधी मोडतच नाही असे थोडेच आहे! पण ती गावातल्या गावात दुरुस्त होते, हा तिचा मोठा गुण. अमेरिकेच्या खेड्यांत मोटार शिरली ती याच गुणाच्या जोरावर. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ ती हीच.

गंमत अशी की, फोर्ड वेगाला परका नव्हता. जानेवारी १९०४ मध्ये, डेट्रॉइटजवळच्या सेंट क्लेअर सरोवराच्या गोठलेल्या बर्फावर, त्याने स्वतः ताशी ९१ मैलांनी मोटार हाकली होती. त्याच गृहस्थाने ऑक्टोबर १९०८ मध्ये लोकांपुढे आणलेली ही मोटार मात्र अवघी २० अश्वशक्तीची, फार तर ताशी ४०-४५ मैल जाणारी. पळण्याची ऐट सोडून तिने मिळवले काय? व्हॅनेडियम घातलेले चिवट पोलाद, हलके अंग, आणि चिखलाच्या वाटेतून निघता यावे अशी उंच बांधणी. पेट्रोल टाकीतून आपल्याच वजनाने इंजिनात उतरे. त्याला पंप नव्हता. म्हणून टाकीत पेट्रोल थोडे असले आणि उभी चढण आली, की मंडळी मोटार वळवून उलट्या चालीने वर नेत! हसा खुशाल, पण जो पंप बसवलेलाच नाही, तो बिघडणार कसा? शेतकरी तर मागचे चाक उचलून, त्याला पट्टा जोडून, लाकडे कापण्याची करवतही याच मोटारीवर चालवीत. किंमतही उतरत गेली. प्रारंभी ८५० डॉलरांच्या घरात असलेली मोटार १९२५ च्या सुमारास अगदी साध्या घाटात २६० डॉलरांना मिळू लागली.

पण ती सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी दांडा फिरवायचा. इंजिनाने उलटा हिसका दिला की मनगट मोडलेच म्हणून समजा. विजेवर सुरू होणारी कॅडिलॅक १९१२ सालीच निघाली होती. फोर्डने ती सोय देऊ केली १९१९ मध्ये. १९१४ पासून १९२५ पर्यंत रंगही एकच, काळा. इकडे जनरल मोटर्स ही कंपनी रंगीत, बंदिस्त, बसायला सुखाच्या मोटारी हप्त्यांनी विकू लागली, आणि शेतकऱ्याच्या घरची माणसेही तिकडे वळली.

हे लोक चैनीला भुलले, असे म्हणणारे म्हणोत. मला ते पटत नाही. काळ्या रंगाचा कंटाळा ही हौस म्हणा हवी तर. पण घरच्या बाईला दांडा न फिरवता मोटार सुरू करता यावी, ही हौस कशी? फोर्डने डागडुजीचा खर्च डॉलरांत मोजला, मनगटांत मोजला नाही.

२६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी ‘मॉडेल टी’ बाहेर पडली आणि तिची बांधणी थांबत आली. त्या वर्षी शेव्हरोलेने विक्रीत फोर्डला मागे टाकले. जुन्या मोटारी मात्र लोकांनी टाकल्या नाहीत. त्यांना बसणारी इंजिने फोर्डच्या कारखान्यात ऑगस्ट १९४१ पर्यंत तयार होत होती.